मधमाशीच्या तोंडचा घास काढू नका

जांभूळ-हिरड्याचा बहर सरला. पाऊस तोंडावर आला आहे. एकदा सह्याद्रीत झड लागली, की सातेरी माश्या दिवसच्या दिवस पेटीत अडकतील. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या मधपाळांनो, शेतकऱ्यांनो, हातात थोडेच दिवस आहेत.

तुम्ही साखरेचा पाक ठेवता. ठेवाच. पण पाकानं उडायचं बळ येतं, अंग भरत नाही. माशीला प्रथिनं मिळतात ती परागातून. कोवळी कामकरी माशी पराग खाते, तेव्हा तिच्या डोक्यातल्या ग्रंथींत अळ्यांना भरवायचा रस तयार होतो. राणीही त्याच रसावर जगते. पराग संपला, की माश्या स्वतःच्या अंगातली प्रथिनं झिजवून अळ्यांना भरवतात. तीही आटली, की त्याच अळ्या खाऊन टाकतात. बाहेरून आपल्याला काहीच दिसत नाही.

म्हणून परागानं भरलेली पोळी पेटीतून काढू नका. रानातलं आग्या मोहोळ उतरवायचंच असेल, तर मधाचा भाग तेवढा घ्या. पिल्लांना हात लावू नका.

माशीच्या अंगात व्हिटेलोजेनिन नावाचं प्रथिन साठतं. ती तिची जन्माची शिदोरी. ती भरलेली असेल तर माशी रोगाला तोंड देते, जास्त जगते. थंड मुलखात उन्हाळ्यातली कामकरी माशी सहा आठवड्यांत संपते. हिवाळ्याआधी जन्मलेली, अंगात साठा असलेली माशी कित्येक महिने तगते. आपल्या माशीला पावसाळा काढायचा आहे. तिला रिकाम्या पोटी पाठवू नका.

एकाच फुलाचा पराग पुरत नाही. माशीला दहा आवश्यक अमिनो आम्लं लागतात, ती निरनिराळ्या फुलांतून जमतात. बांधावर तणनाशक मारू नका. तेरडा उगवू द्या. कारळ्याचा एक पट्टा पेरा. मका तुऱ्यावर असताना फवारणी थांबवा.

मांघर 2022 मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं. तिथल्या बहुतेक घरांची चूल मधावर पेटते. पण पेटी नसलेल्या घराचंही माशीवाचून अडतं: परसातली काकडी, भोपळा, दोडका, कांद्याचं बी. तुमच्या मुलांच्या ताटातलं आहे हे.

उद्या उघडीप मिळताच पेटी उघडा. पिल्लांभोवती परागाची कड आहे का, बघा. नसेल तर निरोगी, भरलेल्या पेटीतली परागाची एक चौकट तिथे लावा. आणि शेजारच्या मधपाळालाही आजच सांगा.