सूर्य मावळला की गाडी थांबवा

उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्याकडे घरोघरी एकच बेत शिजतो. बेळगावहून निघायचं, श्रवणबेळगोळ करायचं, घाट उतरून धर्मस्थळ, वेणूर, कारकळ, मूडबिद्री आणि परत येताना हुमचा. सगळं चार दिवसांत. दिवस पुरत नाहीत, मग रात्री निघायचं. "रात्री रस्ता मोकळा असतो, पोरं झोपतात, वेळ वाचतो की!" हे वाक्य मी कितीतरी घरांत ऐकलं आहे, आणि त्याच वाक्याशी माझं भांडण आहे. लहान मुलांना गाडीत कोंबून रात्रभर धावत केलेली ही मोजणी यात्रा नव्हे. कुणाला राग आला तर येऊ दे.

वेळ वाचतो म्हणता, तो कुणाचा? निघायच्या आदल्या दिवशी घरातली बाई पहाटेपासून चुलीपुढे असते. बाहेरचं चालत नाही, कांदा-लसूण-बटाटा नाही, म्हणून दशम्या, कडक भाकरी, शेंगाचटणी, लाडू, बिनलसणाचा भडंग, सगळं तिनंच करायचं. पाणी गाळून, उकळून, भरून घ्यायचं. धाकट्याचं दूध, थोरल्याचं औषध, सासूबाईंची पूजेची पिशवी, सगळं लक्षात ठेवायचं. मग रात्री नऊला गाडीत बसायचं, एक मूल मांडीवर, एक कुशीत. पुरुष गाडी चालवतात, तेही दिवसभर काम करूनच. म्हणजे गाडीतली दोन्ही मोठी माणसं थकलेली आणि तिथूनच प्रवासाला सुरुवात. सकाळी श्रवणबेळगोळला उतरल्यावर मुलं किरकिरली की सगळे तिच्याकडे बघतात. "पोरांना जरा सांभाळ बाई, दर्शन तरी नीट होऊ दे." तिचं दर्शन झालं का, हे कोण विचारतं?

आता त्या मांडीचंच बघा. "आईच्या मांडीइतकी सुरक्षित जागा नाही," असं आपण मोठ्या मायेनं म्हणतो. घरात ते खरं आहे, मोटारीत नाही. ताशी पन्नासच्या वेगातली गाडी कशावर तरी आदळून क्षणात थांबली, तर दहा किलोचं लेकरू त्या क्षणी आईच्या हातांना दोनशे किलोंच्या आसपास भासतं. कुठली आई ते धरून ठेवील? मायेला तेवढं बळ नसतं, ते पट्ट्याला असतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली दुरुस्ती झाली. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची खास बैठक नसेल तर एक हजार रुपये दंड आहे. आपण सोन्याच्या साखळीला हजारो रुपये घालतो, बाळाच्या बैठकीचं नाव काढलं की "तीनचार वर्षांसाठी कशाला खर्च?" म्हणतो.

कायद्याचं राहू द्या, धर्माचं बोलू. ज्यांना नमस्कार करायला आपण निघतो, ते मुनी कसे चालतात? पुढची चार हात जमीन बघून, दिवसाच्या उजेडात, पायाखाली जीव येऊ नये म्हणून. ईर्यासमिती म्हणतात ती हीच. रात्री विहार नाही. आपण श्रावक, आपल्याला तेवढं जमणार नाही, मान्य. पण सूर्यास्तानंतर घास घेत नाही, कारण अंधारात सूक्ष्म जीव मरतात, आणि त्याच अंधारात दिवे लावून ताशी शंभरनं धावतो. सकाळी पेट्रोल पंपावर काचेवरचे शेकडो मेलेले किडे ओल्या फडक्यानं पुसतो आणि मग सोवळं नेसून दर्शनाला जातो. दिवसा जीव मरत नाहीत का? मरतात. गृहस्थाच्या हातून काही हिंसा होतेच. पण टाळता येते ती टाळायची, एवढं तर आपल्याला लहानपणापासून शिकवलं आहे ना?

यावर घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, "यात्रेत थोडं सोसावंच लागतं." सोसावं, पण कुणी? क्षुधा, तृषा, शीत, उष्ण असे बावीस परीषह शास्त्रात सांगितले आहेत, ते स्वखुशीनं दीक्षा घेतलेल्या मुनींसाठी. आठ वर्षांच्या आतल्या मुलाला आपली परंपरा व्रताला पात्र धरत नाही. मग तीन वर्षांच्या पोराला मे महिन्यात भर दुपारी तापलेल्या दगडावरून विंध्यगिरीच्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढवायला आपल्याला कुणी सांगितलं? ते रडतं, ओढलं जातं, शेवटी खांद्यावर टाकलं जातं. वर पोचल्यावर ५७ फुटांचा गोमटेश्वर समोर उभा असतो आणि पोर तोंड फिरवून झोपलेलं असतं. त्याच दुपारी पुढचा घाट, शिराडी नाहीतर चार्माडी. वळणावळणाला उलट्या. त्या मुलाच्या मनात तीर्थ म्हणजे काय राहणार? भाजलेले पाय आणि आंबट वास. मोठं झाल्यावर हीच मुलं "बस्तीत नको" म्हणतात, तेव्हा आपण जमान्याला दोष देतो.

"आमच्या आज्या बैलगाडीतून गेल्या, त्यांनी नाही का पोरं नेली?" हाही एक ठेवणीतला सवाल. नेली की! पण बैलाला विसावा लागायचा म्हणून माणसालाही मिळायचा. सांज झाली की गाडी सुटायची, मुलं झाडाखाली धावायची. बैलाची दया येत होती, ती लेकराची यायला नको?

आणि श्रवणबेळगोळची स्वतःची कथा आपण विसरलो का? चावुंडराय आपल्या आईला, काळलादेवीला घेऊन निघाला होता तो पोदनपूरच्या बाहुबलींच्या दर्शनाला. बेत त्याच्या सोयीचा नव्हता, इच्छा आईची होती. वाटेत श्रवणबेळगोळला मुक्काम पडला, आणि पुढे जाणं शक्य नाही असा दृष्टांत झाला. तो हट्टानं पुढे धावला नाही. थांबला. म्हणून इ.स. ९८१ च्या सुमारास समोरच्या डोंगरात तो गोमटेश्वर उभा राहिला. ठरवलेलं ठिकाण गाठलंच नाही, अशा प्रवासातून आपलं सगळ्यात मोठं तीर्थ मिळालं. आणि आपण? "वेणूर राहिलं" म्हणून गाडीत भांडतो.

तेव्हा माझं म्हणणं साधं आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे सूर्य पावणेसात-सातच्या दरम्यान मावळतो. त्याआधी मुक्कामाला पोचायचं, म्हणजे दिवसाउजेडी जेवणही होतं. सकाळी सहाला निघालात, दर दोन तासांनी मुलांना उतरवलंत, दुपारी सावलीत जेवलात, तरी तीनशे किलोमीटरच्या आसपासचं चित्रदुर्ग उजेडी गाठता येतं. दुसऱ्या दिवशी श्रवणबेळगोळ. तिसऱ्या पहाटे गारव्यात पायऱ्या, चौथ्या-पाचव्या दिवशी परत. एकच क्षेत्र, पण मूल जागेपणी बघेल. सुटी त्याहून कमी असेल तर लांब जाऊच नका. बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती १२०४ सालची आहे. किती मुलांना आपण तिच्या छतातलं कमळ दाखवलं? निपाणीजवळ स्तवनिधी आहे, कुंभोजचा बाहुबली आहे, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येतं. कारकळ, वेणूर कुठं पळून जात नाहीत. कारकळचा बाहुबली १४३२ पासून तिथंच उभा आहे. तुमचं पोर दहा वर्षांचं होईपर्यंतही उभाच राहील.

बायांनो, शेवटचं तुम्हालाच सांगते. बेत ठरताना तुम्ही आत दशम्यांचं पीठ मळत असता, आणि बाहेर सोप्यात बसून निघायची वेळ, मुक्काम, क्षेत्रं सगळं ठरतं. पीठ झाकून ठेवा आणि बाहेर येऊन बसा. रात्रीचा प्रवास नाही, पट्ट्याशिवाय मूल नाही, एका दिवसात एकच क्षेत्र, एवढं ठरल्याशिवाय डबे भरू नका. "हिचं काय नवीनच" म्हणतील, म्हणू देत. पिढ्यान् पिढ्या यात्रेचं जेवण आपल्या हातचं आहे. यात्रेची वेळही आता आपणच ठरवू.