बियर पिऊन पळायचं तर खुशाल पळा, पण माझ्या बांधावरून नाही



गूळभेंडीची कणसं दुधात आली आहेत. आठ-दहा दिवसांत हुरडा सुरू होईल. हुरड्यामागं शहरातली गर्दी येते, आणि यंदा गर्दीमागं एक नवीन खूळ येतंय. आमच्या भागातल्या एका कृषी पर्यटनवाल्यानं मला विचारलं, तुमचा बांधाचा गाडीरस्ता एक सकाळ द्या, ‘बियर रन’ घ्यायची आहे. भाडंही देतो म्हणला. मी नाही म्हणलं. तेव्हापासून गावच्या ग्रुपवर दोन दिवस तेच चालू आहे. निम्मे म्हणतात, माणूस म्हातारा झाला, याला मजा कळत नाही. निम्मे म्हणतात, शाब्बास, संस्कृती वाचवली. माझं म्हणणं दोघांनाही कळलेलं नाही.

आधी ही भानगड काय आहे ते सांगतो, कारण बऱ्याच जणांना वाटतंय पिऊन नुसता धिंगाणा. तसं नाही. याला नियम आहेत. एक मैल म्हणजे 1609 मीटर, त्याचे चार भाग करायचे. प्रत्येक भागाच्या आधी एक बियर, साधारण 355 मिलीची, ती रिकामी केल्याशिवाय पाय उचलायचा नाही. मधे ओकारी झाली तर दंड म्हणून एक फेरी जादा. कॅनडातल्या कॉलेजच्या पोरांनी गमतीत सुरू केलेला खेळ. पुढं तो एवढा वाढला की त्याचे विक्रम मोजायला लागले. 2014 ला एका अमेरिकन माणसानं पाच मिनिटांच्या आत संपवला, आणि 2021 ला कॅनडाच्या एकानं 4 मिनिटं 28 सेकंदात. त्याच्याही आधी, 1938 ला, इंग्रज साहेबांनी मलायात क्वालालंपूरला ‘हॅश’ नावाचा पळायचा क्लब काढला होता. रानातून पळायचं आणि शेवटी बियर. त्याच्या शाखा जगभर गेल्या, आपल्या मुंबईतही आली.

तर हा खेळ आहे. मला त्याचा राग नाही. ज्याला पळायचं त्यानं स्वतःच्या जागेत पळावं, परवाना काढून प्यावं.

संस्कृतीवाल्यांनी जरा दमानं घ्यावं. निवडणुकीत पेट्या येतात तेव्हा संस्कृती कुठल्या खोलीत झोपलेली असते? आपल्या राज्यात दारूचं दुकान बंद करायला बायकांच्या मतदानाचा नियम आहे, आडवी बाटली. एकूण महिला मतदारांतल्या निम्म्याहून जास्तींनी आडव्या बाटलीला मत दिलं तर दुकान बंद. असा नियम करावा लागला, म्हणजे पिणारे शहरातून येत नव्हते, घरातच होते. मुगावर बियर फवारणारे पण आपलेच भाऊ. पंपाला किती टाकायची यावर पारावर वाद घालतात, आणि उरलेली पोटात. कुठल्या कृषी विद्यापीठाची शिफारस आहे दाखवा म्हणलं की गप्प. तेव्हा शहरातल्या पोरांना नावं ठेवायचा हक्क आपल्याला नाही.

माझा आक्षेप साधा आहे. या शर्यतीत आपलं काय आहे?

फ्रान्समधे मेडॉक म्हणून द्राक्षाचा पट्टा आहे. तिथं 1985 पासून एक मॅरेथॉन होते. पूर्ण 42 किलोमीटर, लोक सोंगं घेऊन पळतात, आणि वाटेत वीसेक ठिकाणी वाइन देतात. ऐकायला हे आपल्या बियर रनसारखंच. पण फरक बघा. रस्ता जातो द्राक्षाच्या बागांतून. वाइन त्याच बागांची. ग्लास पुढं करणारा त्या बागवाल्यांपैकीच. पळणारा घोट घेतो तो त्या मातीचा, नाव लक्षात ठेवतो, पुढच्या वर्षी पेटी मागवतो. ती शर्यत म्हणजे शेतकऱ्यानं मांडलेलं दुकान आहे, गमतीचं पांघरूण घालून. याला मी उद्या माझा रस्ता फुकट देईन.

आपल्याकडं काय होणार? बियर जवाची, म्हणजे सातूची. जव सगळ्यात जास्त पिकतो राजस्थानात. जालना जिल्ह्यात तुम्ही शेवटचा जवाचा पट्टा कधी पाहिला? कडू चव देणारं हॉपचं फूल तर बहुतेक परदेशातूनच येतं. मग बियरमधे मराठवाड्याचं काय? पाणी. शेजारी संभाजीनगरला बियरचे कारखाने आहेत आणि तिकडच्या उद्योगांना पाणी जायकवाडीचं, ज्या जायकवाडीवर आपलं जालना शहरही तहान भागवतं. एक लिटर बियरला कारखान्यात साधारण तीन ते पाच लिटर पाणी लागतं.

एप्रिल 2016 आठवा. लातूरला रेल्वेनं पाणी येत होतं. त्याच महिन्यात औरंगाबाद खंडपीठाला आदेश द्यावा लागला की मराठवाड्यातल्या मद्य कारखान्यांचं पाणी आधी निम्मं आणि 10 मे पासून 60 टक्के कमी करा. आणि 2012-13 ला मोसंबीच्या बागा वाळल्या त्या ज्यांच्या वाळल्या त्यांना विचारा. पंधरा वर्षांचं झाड कुऱ्हाडीनं तोडून सरपण करताना माणूस बोलत नसतो.

आता एखादे कृषी अधिकारी खाली लिहितील की उसाला किती पाणी लागतं ते बघा, त्यापुढं बियर काहीच नाही. बरोबर आहे साहेब. ऊस कित्येक पटीनं जास्त पितो, आणि त्यावर मी मागं लिहून शिव्या खाल्ल्या आहेत. पण उसाचं बिल कमी-जास्त, उशिरा का होईना, शेतकऱ्याच्या खात्यात येतं. बियरचं आपल्याकडं परत येतं ते फक्त चोथ्याच्या रूपात, दुभत्या जनावरांना घालायला, आणि तोही विकत. वरून आता म्हणतात, बांध पण द्या.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. 1609 मीटर हा आकडा वाचला आणि मी थांबलो. आपल्या रस्त्यावर पहाटे चारला पोरं पळतात, मोबाइलची बॅटरी लावून, कुणाच्या पायात बूट, कुणाच्या पायात काहीच नाही. किती पळतात? 1600 मीटर. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत तेवढंच अंतर आहे. 5 मिनिटं 10 सेकंदांच्या आत आलं तर 20 पैकी 20 गुण. चार-पाच सेकंदांनी चुकलं तर गुण गेले, गुण गेले तर वर्ष गेलं, आणि वय थांबत नाही. राज्य राखीव दलाला तर 5 किलोमीटर. त्या दलाचा गट क्रमांक 3 आपल्या जालन्यातच आहे, म्हणून पोरांना ते स्वप्न जवळचं वाटतं. 2024 च्या भरतीत पळताना एका पोराचा जीव गेला, तेही विसरू नका.

त्याच रस्त्यावर, तेवढ्याच अंतरात, कुणी दर चारशे मीटरला बाटली रिकामी करून हसत पळणार. पळणाऱ्याचा दोष नाही, त्याला पळणं ही सुट्टी आहे. पण आयोजकाला तो रस्ता रोज पहाटे कोण वापरतं हे माहीत आहे, त्याच्या घरासमोरूनच पोरं जातात. आणि त्यातल्याच चार पोरांना तो दिवसाच्या मजुरीवर बाटल्या उचलायला सांगणार होता. हे मला त्याच्याच तोंडून कळलं.

प्रकृतीचं थोडक्यात सांगतो, कारण बियर थंड असते, मुतखडा पाडते असं आपल्याकडं डॉक्टरच्या वरताण सांगणारे आहेत. दारूनं लघवी जास्त होते, म्हणून अंगातलं पाणी उलट कमी होतं. घाम गाळताना तर जास्तच. पळणाऱ्याला एक सकाळ, पण उन्हात कापूस वेचणाऱ्यानं किंवा फवारणी करणाऱ्यानं हे पाहून ‘बियर म्हणजे ताकद’ असं मनात घेतलं तर त्याच्या मागं डॉक्टर उभा नसतो.

माझं म्हणणं पर्यटनवाल्याला तोंडावर सांगितलं आहे, इथंही लिहितो. तुझं नाव काढलेलं नाही, काढणारही नाही. शर्यत घे. सोंगं घेऊन घे, ढोल लाव, हसायला माझी ना नाही, मीही बघायला उभा राहीन. पण दर चारशे मीटरला जे पाजशील, खाऊ घालशील ते या शिवारातलं पाहिजे. पहिल्या टप्प्यावर उसाचा रस. दुसऱ्यावर मूठभर गरम हुरडा, गिळल्याशिवाय पुढं जायचं नाही (हे बियरपेक्षा अवघड आहे, करून बघा). तिसऱ्यावर हरभऱ्याचा ढाळा, सोलून खायचा, घाई करणारा तिथंच हरतो. चौथ्यावर मोसंबीचा रस. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ते सर्टिफिकेट भिंतीवर टांगून ठेवायला नाही. प्रत्येक टप्प्यावर ज्याचं पीक तो शेतकरी उभा राहील, दर तोच सांगेल, पैसे त्याच्याच हातात. आणि भरतीची पोरं बाटल्या उचलायला नाहीत, पुढं पळायला. पहिल्या तिघांना चांगले बूट बक्षीस.

असं असेल तर रस्त्याचं भाडं नको. फक्त जानेवारीत ठेवू नका. मृग बहाराची मोसंबी तेव्हा पुरती भरलेली नसते, रस आंबट निघेल. फेब्रुवारीचा दुसरा आठवडा धरा, उशिरा पेरलेल्या ज्वारीचा हुरडा तोवर मिळतो. कुणाकडं उशिराची सुरती किंवा गूळभेंडी असेल तर खाली गाव आणि पेरणीची तारीख लिहा.