रात्री किंचाळून उठणारे बालक : औषध देण्यापूर्वी

सकाळच्या वेळी चिकित्सालयात येणारे एक कुटुंब आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. आई-वडिलांचे डोळे जागरणाने लाल झालेले, आजीच्या हातात देवळातील अंगारा, आणि ज्याच्यासाठी हे सारे आले ते चार वर्षांचे बालक मात्र टवटवीत चेहऱ्याने आपल्या मेजावरील खलबत्त्याशी खेळत असते. झोप लागल्यावर तास-दीड तासाने ते किंचाळून उठून बसते. डोळे सताड उघडे, अंग घामाने भिजलेले, छाती धडधडत असते. आईने जवळ घ्यावे तर तिलाच ढकलून देते. काही मिनिटांनी आपण होऊन आडवे होते आणि सकाळी त्याला यांतील काहीही आठवत नाही. ‘बाहेरचे काही नसेल ना?’ हे आजी विचारते. आई-वडील विचारत नाहीत, पण त्यांच्याही मनात तेच असते.

अशा वेळी आपण काय करतो? बहुधा एक बाटली देतो. प्रस्तुत लेखकानेही अनेक वर्षे हेच केले, आणि त्याविषयीच चार शब्द लिहावयाचे आहेत.

प्रथम व्याधीचे स्वरूप. हे दुःस्वप्न नव्हे. दुःस्वप्न बहुधा उत्तररात्री पडते. मूल पूर्ण जागे होते, आईला बिलगते, ‘कुत्रा मागे लागला’ असे सांगूही शकते. निद्राभयाचा प्रसंग रात्रीच्या पहिल्या तृतीयांशात, अत्यंत गाढ निद्रेतून अर्धवट जागृती झाल्याने घडतो. शरीर जागे झालेले असते, पण बोध झोपलेलाच असतो. म्हणूनच ते आईला ओळखत नाही. घरात कोणी लहानपणी झोपेत चालत असे काय, हे अवश्य विचारावे. पुष्कळदा वडीलच ओशाळून हसतात. अपुरी झोप, ज्वर, भरलेला मूत्राशय, घोरणे ही निमित्ते होत. वयपरत्वे बहुतेक मुलांत हा त्रास आपोआप थांबतो.

शेवटच्या वाक्यातच आपली अडचण आहे. आपोआप थांबणाऱ्या व्याधीत जे औषध चालू असेल त्याला यश मिळते. आपल्या बाटलीला मिळालेली कीर्ती, मांत्रिकाच्या ताईताला मिळालेली कीर्ती आणि शेजारच्या ॲलोपॅथिक डॉक्टरांच्या टॉनिकला मिळालेली कीर्ती यांत या बाबतीत फारसा भेद नाही, हे कटू असले तरी मान्य करावे लागेल.

आपल्यापैकी काहीजण या लक्षणांवरून लगेच बालग्रहाकडे वळतात. सुश्रुतांनी उत्तरतंत्रात नऊ ग्रह सांगितले, वाग्भटांनी बारा. परंतु ती वर्णने काळजीपूर्वक वाचावीत. त्यांतील बालक ज्वर, छर्दी, अतिसार, तोंडास फेस येणे, कृशता अशा लक्षणांनी ग्रस्त, खरोखरीच आजारी असे आहे. खलबत्त्याशी खेळणारे निरोगी मूल केवळ रात्रीच्या किंकाळीवरून त्या अध्यायात बसविणे हा ग्रंथावरही अन्यायच होय. शिवाय ‘ग्रह’ हा शब्द आपण ज्या अर्थाने उच्चारतो त्याच अर्थाने तो आजीच्या कानी पडत नाही. ती घरी जाते आणि मांत्रिकाचा पत्ता शोधते.

याउलट ज्या वचनांची येथे गरज आहे ती शारीरस्थानात आहेत, आणि त्यांची आठवण आपल्याला क्वचितच होते. बालकास धमकावू नये, ते भ्यायेल म्हणून त्याला एकाएकी झोपेतून उठवू नये, असे सुश्रुत सांगतात. मूल रडते किंवा जेवत नाही म्हणून राक्षस, पिशाच, पूतना यांची नावे घेऊन त्याला भिववू नये, असे चरकांनी स्पष्ट बजावले आहे. आपल्या घरांतला ‘बागुलबुवा’ अद्याप निवृत्त झालेला नाही. फार तर त्याच्या जागी पोलीस किंवा सुईवाला डॉक्टर आला आहे.

आता औषधांविषयी. सारस्वतारिष्ट मी स्वतः पुष्कळ दिले. आसव-अरिष्टांत स्वजनित मद्यांश असतो, आणि चार वर्षांच्या मुलाला रोज निजण्यापूर्वी तो देण्यास मजजवळ कोणतेही समर्थन नव्हते. घरोघरी उगाळले जाणारे जायफळ मात्रेबाहेर गेले तर हृदयाची गती वाढवते आणि भ्रम उत्पन्न करते. खुरासनी ओव्याचे तर विचारूच नये. मात्रा चुकली की झोप येण्याऐवजी मूल बरळू लागते, म्हणजे जे थांबवावयाचे तेच वाढते. विषद्रव्यांच्या अनुसूची ई(१) मध्ये पारसिक यवानी व अहिफेन ही दोन्ही नावे आहेत, ती उगाच नव्हेत. गिरणगावातील कामकरी स्त्रिया पाळीवर जाताना तान्ह्या मुलांना अफूची ‘बाळगोळी’ देत असत. त्यांची लाचारी समजू शकते; आपली समजणार नाही.

मग करावयाचे काय? प्रसंग चालू असताना मुलाला हलवू नये, तोंडावर पाणी मारू नये, ‘काय झाले, काय झाले’ म्हणून दिवे लावून घर गोळा करू नये. ते पलंगावरून पडणार नाही, खिडकी वा जिन्याकडे जाणार नाही, एवढे पाहावे. (दृष्ट काढावयाची असल्यास आजीने ती संध्याकाळी काढावी, किंकाळी चालू असताना मिरच्यांचा धूर नको.) आई-वडिलांनी दोन आठवडे वहीत वेळा लिहाव्यात. प्रसंग रोज ठराविक सुमारास येत असेल तर त्यापूर्वी पंधरा ते तीस मिनिटे मुलाला हलकेच जागे करून पुन्हा निजवावे आणि हा क्रम दोन ते चार आठवडे चालवावा. सुश्रुतांच्या वचनाशी याचा विरोध नाही, कारण हे उठविणे एकाएकी नाही.

सर्वांत महत्त्वाची झोपच होय. तीन ते पाच वर्षांच्या मुलास दिवसाची धरून दहा ते तेरा तास झोप हवी. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरवावेत, असा निर्णय राज्य शासनाने २०२४ साली घेतला. पण घरातील मोबाईल रात्री अकरापर्यंत चालू असेल तर त्याचा लाभ कोणाला? सायंकाळी अभ्यंग, कोमट पाण्याने स्नान, लवकर व हलके जेवण, निजण्यापूर्वी लघवी, हा क्रम आपल्या शास्त्राचा आहे आणि त्यास बाटली लागत नाही. अभ्यंगाने व्याधी बरा होतो असा दावा मी करणार नाही. घर मात्र वेळेवर निजू लागते.

काही मुलांना विनाविलंब पुढे पाठवावे. एकाच रात्री अनेक वेळा येणारे, अल्पकाळाचे, दर वेळी हुबेहूब तसेच असणारे झटके, हातपाय ताठरणे, किंवा दिवसाही बेशुद्धी असल्यास अपस्माराचा संशय धरून बालमेंदूविकारतज्ज्ञांकडे. घोरणे, तोंड उघडे ठेवून झोपणे, श्वास अडखळणे असल्यास कान-नाक-घसातज्ज्ञांकडे. टॉन्सिल वा ॲडिनॉइडचा अडथळा दूर झाल्यावर हे प्रसंग थांबलेली मुले आढळतात. जंतांच्या औषधावर मात्र वेळ दवडू नये. सूतकृमींनी गुदकंडू होऊन झोपमोड होते हे खरे, पण ते मूल जागे असते व खाजवते.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. ‘मुलाला शांत झोपेसाठी काहीतरी द्या’ अशी मागणी आपल्या गल्ल्याशी वैद्याच्या चिठ्ठीशिवाय येते, आणि नाही म्हटले तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते, हे मी जाणतो. तरी वय विचारावे, आणि मूल घोरते काय, एवढे विचारावे. उत्तर ‘होय’ असेल तर बाटली फळीवरच राहू द्यावी.