ठिणगी आणि प्रमाणपत्र

ठाण्याच्या टेंभी नाक्यावर नवरात्रात विजेच्या दिव्यांची जी आरास लागते, तिच्यातील बटनांपाशी कितीतरी ठिणग्या उडत असतील. त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही आणि जाण्याचे कारणही नाही. बटन दाबताना आतील दोन पट्ट्यांमध्ये क्षणभर चमक उठणे हा विजेचा धर्मच आहे. मात्र तेच बटन तेथून वीसेक किलोमीटरवरील डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत एखाद्या टोल्युइनच्या टाकीशेजारी बसविले, तर त्याच ठिणगीचा अर्थ पार बदलून जातो. हवेत टोल्युइनच्या वाफेचे प्रमाण शेकडा सव्वाच्या आसपास गेले की ती पेट घेऊ शकते, आणि त्यासाठी लागणारी ऊर्जा एका मिलिज्यूलहूनही कमी असते. ठिणगी तीच असते. बदललेली असते ती भोवतालची हवा. या साध्या सत्यातूनच स्फोटक वातावरणात वापरावयाच्या विद्युत उपकरणांची परीक्षा आणि त्यांची प्रमाणपत्रे यांची व्यवस्था जगभर उभी राहिली. ठाणे जिल्ह्यात ती कागदोपत्री आहे, याबद्दल शंका नाही. ती कारखान्याच्या आत कितपत पोहोचली आहे, हा खरा प्रश्न आहे.

हा प्रश्न डोंबिवलीत विचारला जावा, यास सबळ कारणे आहेत. २६ मे २०१६ रोजी तेथील प्रोबेस एंटरप्रायझेस या कारखान्यात झालेल्या स्फोटात १२ जणांचा बळी गेला आणि दोनशेहून अधिक जखमी झाले. प्रोपार्जिल क्लोराइड या अत्यंत ज्वालाग्राही रसायनाचा साठा तेथे होता. त्यानंतर आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच वसाहतीत अमुदान केमिकल्स या कारखान्यातील रिअ‍ॅक्टरचा स्फोट होऊन दहाहून अधिक माणसे दगावली. तीन आठवडेही उलटले नाहीत तोच, १२ जून रोजी, आणखी एका रासायनिक कारखान्यास आग लागली. या दुर्घटनांचे खापर विजेच्या एखाद्या बटनावर फोडणे सत्यास धरून होणार नाही. परंतु ज्वालाग्राही द्रव्यांचे साठे आणि माणसांची दाट वस्ती एकमेकांना खेटून उभी असताना पेटण्याचे प्रत्येक निमित्त आधीच नाहीसे करणे, एवढेच हाती उरते. या निमित्तांपैकी वीज हे असे एक आहे की, ज्याचा बंदोबस्त कसा करावा हे निश्चित ठाऊक आहे आणि तो उपकरण विकत घेतानाच सुरू करता येतो.

हे ज्ञान कोळशाच्या खाणींनी मोठी किंमत मोजून मिळविले आहे. १४ ऑक्टोबर १९१३ रोजी वेल्समधील सेंघेनिड येथील खाणीत झालेल्या स्फोटात ४३९ खाणकामगार मृत्युमुखी पडले. संकेत देण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या विजेच्या घंटेतील ठिणगीने खाणीतील वायू पेटला असावा, असा संशय तेव्हा घेतला गेला. इतक्या क्षीण प्रवाहाची ठिणगी एवढा अनर्थ करू शकते काय, याचा शोध घेताना एक नवे तत्त्व हाती आले. परिपथातील ऊर्जाच इतकी मर्यादित ठेवावयाची की, ठिणगी उडाली तरी वायू पेटू नये. मोजमापाच्या व नियंत्रणाच्या नाजूक उपकरणांसाठी हे तत्त्व आजही वापरले जाते.

मोटारी, दिवे आणि स्विच यांना मात्र मोठी ऊर्जा लागते. त्यांच्यासाठी ‘फ्लेमप्रूफ’ पेटी वापरतात. या पेटीत वायू शिरतच नाही, असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. वायू आत शिरणार आणि एखादे वेळी आत स्फोटही होणार, हे गृहीत धरूनच ती बनविलेली असते. तो स्फोट सोसून न फुटण्याइतकी ती भक्कम असते. आणि झाकण व पेटी यांच्या जोडातील फट इतकी अरुंद व लांब असते की, बाहेर पडणारी ज्वाला वाटेतच थंड व्हावी. वायू जितका तिखट, तितकी फट बारीक हवी. प्रयोगशाळेतील कसोटीत मिथेनची ज्वाला १.१४ मिलिमीटरच्या फटीतही अडते; हायड्रोजनसाठी मात्र ही मर्यादा ०.२९ मिलिमीटर इतकी खाली येते. उपकरणाचा पृष्ठभाग किती तापतो, हा याहून वेगळा हिशेब आहे. त्यासाठी टी-१ ते टी-६ असे वर्ग पाडलेले असून पहिल्याची मर्यादा ४५० अंश सेल्सियस, तर शेवटच्याची केवळ ८५ अंश आहे. तात्पर्य, ‘फ्लेमप्रूफ’ हा एक शब्द पुरेसा नाही. कोणत्या वायूसाठी, किती तापमानापर्यंत आणि कारखान्याच्या कोणत्या भागात, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जुळली तरच उपकरण योग्य ठरते.

भारतात या परीक्षेची घडी बरीच जुनी आहे. धनबाद येथे १९५६ साली स्थापन झालेले खाण संशोधन केंद्र आज केंद्रीय खाण व इंधन संशोधन संस्था या नावाने ओळखले जाते. तेथे अशा उपकरणांची कसोटी होते. पेट्रोलियमच्या जागी ती वापरण्यास मान्यता देणाऱ्या पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटनेचे मुख्यालय तर महाराष्ट्रातच, नागपुरात आहे. या खात्याचा आरंभ १८९८ मधला. भारतीय मानके आहेत, ती आंतरराष्ट्रीय मानकांशी जुळविलेलीही आहेत. वायू किंवा वाफ बंदिस्त जागेत असण्याचा संभव असेल, तर तेथे फ्लेमप्रूफ दिव्याखेरीज अन्य दिवा नेऊ नये, असे १९४८ च्या कारखाना अधिनियमाचे ३६-अ हे कलम सांगत असे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या अधिनियमाची जागा नव्या संहितेने घेतली. कायद्याचे नाव बदलले तरी वाफेचा स्वभाव बदललेला नाही.

मग उणीव कोठे आहे? प्रमाणपत्र कशाचे असते, हे नीट पाहिले की ती दिसते. प्रयोगशाळा परीक्षा घेते ती एका नमुन्याची आणि त्याच्या आराखड्याची. त्या आराखड्याबरहुकूम बनलेली पेटी कारखान्यात आली, भिंतीवर चढली आणि तिच्यात केबल शिरली की, पुढची जबाबदारी कारखान्याची. आठ बोल्टांपैकी दोन दुरुस्तीनंतर परत बसविलेच नाहीत, जोडाच्या पृष्ठभागावर रंगाचा थर चढला, पावसाचे पाणी शिरू नये म्हणून सद्हेतूने त्यात रबराची पट्टी घातली, किंवा फ्लेमप्रूफ ग्लँडऐवजी साधी ग्लँड लावली, तर ती पेटी बाहेरून पूर्वीसारखीच दिसते. तिच्यावरील क्रमांक आणि खूण तशीच असते, कार्यालयातील फाइलमध्ये प्रमाणपत्रही तसेच असते. केवळ ज्वाला अडविण्याचे तिचे सामर्थ्य संपलेले असते. प्रमाणपत्र खोटे ठरत नाही. ते ज्या वस्तूबद्दल आहे, ती वस्तूच तेथे उरलेली नसते.

दुसरी उणीव जागेच्या आखणीत आहे. ज्वालाग्राही वाफ जेथे सतत असते, जेथे नेहमीच्या कामात अधूनमधून असू शकते आणि जेथे केवळ बिघाड झाल्यासच येते, असे कारखान्याचे तीन विभाग पाडून त्यांप्रमाणे उपकरणे निवडावयाची असतात. परंतु नकाशावरील रेघ वाफेला अडवीत नाही. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळील इंडियन ऑइलच्या आगारात पेट्रोलची गळती सुरू झाली आणि सुमारे सव्वा तास वाफेचा ढग आवारभर पसरत राहिला. त्यानंतरच्या स्फोटात व आगीत ११ जण मरण पावले. प्रशासकीय इमारतीतील, फ्लेमप्रूफ नसलेल्या एखाद्या विद्युत उपकरणाने किंवा सुरू होणाऱ्या वाहनाने तो ढग पेटविला असावा, असा चौकशी समितीचा निष्कर्ष होता. त्या इमारतीत साधी उपकरणे बसविणे नियमास सोडून नव्हते. धोक्याच्या क्षेत्राची सीमा तेथवर पोहोचतच नव्हती. तेव्हा प्रमाणित उपकरण हा गळती रोखण्याला पर्याय नव्हे. ती ओळखणारी यंत्रणा आणि वीज तत्काळ तोडण्याची सोय यांच्या जोडीनेच त्याला अर्थ प्राप्त होतो.

लहान कारखानदारांचे म्हणणे असे की, ही उपकरणे साध्या उपकरणांपेक्षा फार महाग पडतात, आणि तपासणीच्या नावाखाली निरीक्षकांचे राज्य पुन्हा अवतरेल. यातील पहिला मुद्दा खरा आहे आणि दुसऱ्यातही तथ्य नाही असे नाही. परंतु ज्यास टोल्युइन किंवा ईथर वापरणे परवडते, त्यास ते सुरक्षितपणे वापरण्याचा खर्चही मालाच्या किमतीत धरलाच पाहिजे; अन्यथा तो खर्च कामगार आणि शेजारचे रहिवासी आपल्या जिवाने भरतात. धोकादायक कारखाने अन्यत्र हलविण्याच्या घोषणा प्रत्येक स्फोटानंतर झाल्या. पाताळगंगेचे नावही पुढे आले. स्थलांतर आवश्यक असेलही. पण बोल्ट नसलेली पेटी डोंबिवलीतून पाताळगंगेस नेली म्हणून ती फ्लेमप्रूफ होत नाही, आणि कामगार तर तिच्यासमवेत तेथेही जाणारच.

करावयाचे ते फार अवघड नाही. आंतरराष्ट्रीय मानकानुसार स्थिर उपकरणांच्या दोन नियतकालिक तपासण्यांमध्ये, तज्ज्ञांच्या सल्ल्यावाचून, तीन वर्षांहून अधिक अंतर पडू नये, आणि हलविता येण्याजोगी उपकरणे वर्षातून एकदा तरी तपासावीत, असा दंडक आहे. तो पाळावयाचा तर प्रत्येक कारखान्यात धोक्याच्या विभागांचा अद्ययावत नकाशा हवा, आणि प्रत्येक उपकरणाचा क्रमांक, प्रमाणपत्र व शेवटच्या तपासणीची तारीख यांची नोंदवही हवी. औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय, विद्युत निरीक्षक आणि अग्निशमन दल यांनी निरनिराळ्या दिवशी निरनिराळी कागदपत्रे पाहण्याऐवजी एकत्र जाऊन पेट्या उघडून पाहाव्यात. ही तपासणी झाली किंवा नाही, एवढे तरी वसाहतीच्या फाटकावर जाहीर लावावे. प्रोबेस स्फोटाच्या चौकशीचा अहवाल लोकांपुढे आला तो माहितीच्या अधिकाराचा वापर केल्यावर. जी माहिती रहिवाशांच्या जिवाशी निगडित आहे, ती त्यांना अर्ज करून मिळवावी लागू नये.

सर्वांत अधिक गरज आहे ती कंत्राटी वीजतंत्रीस शिकविण्याची. धनबादच्या प्रयोगशाळेत काटेकोरपणे मोजलेली फट अखेर सांभाळली जाते ती त्याच्या पान्याने. तो पाना कोणत्या बोल्टावर आणि का फिरवावयाचा, हे त्याला कोणी सांगितलेच नसेल, तर नागपूरची मान्यता आणि मुंबईचा कायदा ही दोन्ही त्या पेटीच्या बाहेरच राहतात.