राज्यशास्त्राला ‘सोपा विषय’ म्हणणाऱ्यांना

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे पोरांची आपोआप दोन गटांत वाटणी होते. विज्ञानवाल्याला लोक विचारतात, “कुठं लागला नंबर?” कला शाखेच्या पोराला विचारतात, “मंग आता काय करून राहिला?” त्यानं बीएला राज्यशास्त्र घेतल्याचं सांगितलं की विचारणाराच त्याची समजूत काढतो, “चांगलं आहे, सोपा विषय आहे. एमपीएससीचं पाहून राहिला असशीन.” वर्धा जिल्ह्यातल्या आमच्या पुलगावात हा संवाद दर जूनमध्ये ऐकू येतो. त्यातल्या ‘सोपा’ या विशेषणाशी माझं भांडण आहे.

आधी पोटापाण्याचा आक्षेप निकालात काढू. राज्यशास्त्रानं नोकरी मिळत नाही, असं म्हणतात. बरोबर आहे, नुसत्या पदवीनं मिळत नाही. पण २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले, त्यात अभियंतेही होते आणि पदव्युत्तरही. नोकऱ्यांच्या दुष्काळाचं खापर एकट्या राज्यशास्त्रावर फोडणं म्हणजे ज्याला आवाज नाही त्यालाच दोषी धरणं. उलट त्या भरतीच्या जागा कोण ठरवतं, कशा ठरवतं आणि त्या इतकी वर्षं रिकाम्या का राहतात, हे शिकवणारा विषय हाच आहे.

दुसरा आक्षेप जरा हुशारीचा आहे. राजकारण करायला पदवी लागत नाही, मग राजकारण शिकायला विद्यापीठ कशाला? यातलं पहिलं वाक्य खरं आहे. आमदार-खासदार होण्यासाठी संविधानानं शिक्षणाची अट घातलेली नाही. ती राहून गेली असं नाही, ती विचारपूर्वक घातली नाही. ज्या देशात बहुसंख्य लोकांना अक्षरओळख नव्हती, त्या देशात सर्वांना मत देण्याचा निर्णय झाला. मत देणाऱ्याला उभं राहण्याचा हक्क नाकारला असता, तर मताला अर्थ उरला नसता. हे समजून घेणं हाच राज्यशास्त्राचा अभ्यास. आक्षेप घेणारा विषयाचंच उदाहरण देतो आणि विषय नको म्हणतो!

शिवाय राजकारण करणं निराळं आणि ते कशानं चालतं हे ओळखणं निराळं. काँग्रेसच्या नेत्या प्रभा राव ज्या पुलगाव मतदारसंघातून विधानसभेत गेल्या, तो मतदारसंघ आज नकाशावर नाही. २००८च्या पुनर्रचनेत त्याचं नाव देवळी झालं. मतदारसंघाची रेघ कोण ओढतं, कोणत्या जनगणनेवर ओढतं आणि त्या रेघेविरुद्ध न्यायालयात जाण्यावर कलम ३२९ बंधन का घालतं, हे प्रश्न निवडणूक जिंकणाऱ्यालाही पडतीलच असं नाही. ते पडायला लावणारं माणूस गावात कुणीतरी असावं लागतं.

आता तिसरा आक्षेप, जो आजकाल सर्वांत जास्त ऐकू येतो. राजकारण तर चहाच्या टपरीवर कळतं, उरलेलं मोबाइलवर मिळतं, वर्गात बसून काय वेगळं मिळणार? मी या टपरीचा अनादर करत नाही. कोण कुणाच्या गटात गेला, कोणत्या वॉर्डात कोण पडेल, हे तिथं प्राध्यापकापेक्षा नेमकं कळतं. पण नगराध्यक्ष २०१६च्या कायद्यानं थेट जनतेतून, २०२०च्या कायद्यानं नगरसेवकांतून आणि २०२२च्या कायद्यानं पुन्हा जनतेतून, ही कोलांटउडी का? सत्तेवर कोण होतं आणि कुणाला कोणती पद्धत सोयीची होती, एवढं टपरी सांगेल. पण नगरपालिकांना घटनात्मक दर्जा देणारी ७४वी घटनादुरुस्ती होऊनही नगराध्यक्ष निवडण्याची पद्धत राज्याच्याच हाती का राहिली, हे ती सांगणार नाही. राज्यातल्या बहुतेक नगर परिषदांवर वर्षानुवर्षं प्रशासक बसले, शेवटी सर्वोच्च न्यायालयाला ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. लोकांनी निवडलेलं सरकार गावात नसतानाही गाव चालतं, मग ते नेमकं कुणाच्या सत्तेनं चालतं? टपरीवर यावर हसतात. वर्गात यावर एक सत्र जावं.

आणि पुलगावच्या पोराला तर उदाहरणासाठी दिल्लीला जायचीही गरज नाही. वर्धा नदीवरचा पूल घ्या. अलीकडे वर्धा जिल्हा, पलीकडे अमरावती. अलीकडे १९७०च्या दशकापासून दारूबंदी, पलीकडे परवाना असलेली दुकानं. राज्य एक, विधानसभा एक, तरी नदी ओलांडली की गुन्ह्याची व्याख्या बदलते. गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून बंदी आली, ठीक आहे. पण कायदा करण्याची ताकद आणि तो अमलात आणण्याची ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा राज्यसंस्थेच्या सिद्धांतातला अख्खा पाठ या पुलावर रोज संध्याकाळी वाहतुकीत दिसतो.

याच नदीचा जुना पाठ त्याहून अवघड आहे. पलीकडचा वऱ्हाड निजामाचा. १८५३ साली त्यानं तो कर्जापोटी ईस्ट इंडिया कंपनीकडे सोपवला, १९०२ला व्हाइसरॉय कर्झननं कायमचा पट्ट्यानं घेतला, १९०३ला तो मध्य प्रांताला जोडला गेला. म्हणजे कर इंग्रजांचा, कोर्ट इंग्रजांचं, पोलीस इंग्रजांचे आणि सार्वभौमत्व मात्र कागदावर हैदराबादच्या निजामाचं! १९३६ला तर त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ असा किताब मिळाला. सार्वभौमत्व अविभाज्य असतं असं पाठ्यपुस्तकात वाचलेल्या पोरानं नदीकाठी उभं राहून स्वतःला विचारावं की पलीकडे तेव्हा सार्वभौम होता तरी कोण. ज्यांना हा विषय सोपा वाटतो, त्यांनी या प्रश्नाचं उत्तर दोन पानांत लिहून दाखवावं.

सर्वांत जड उदाहरण मात्र दारूगोळा भांडाराचं आहे. देशातल्या सर्वांत मोठ्या भांडारांपैकी एक पुलगावला आहे. ३१ मे २०१६च्या पहाटेपूर्वी तिथं आग लागली, १९ जण गेले. त्यात आग विझवायला धावलेले कर्मचारी बहुसंख्य होते. २० नोव्हेंबर २०१८ला सोनेगावजवळ जुना दारूगोळा निकामी करण्याच्या मैदानावर स्फोट झाला आणि सहा जण गेले. त्यात आसपासच्या गावांतून रोजीनं आलेले मजूर होते. टीव्हीवर दोन दिवस बातमी चालली, मग बंद झाली.

यात राज्यशास्त्र कुठं आहे? सातवं परिशिष्ट उघडा. संरक्षण आणि दारूगोळा केंद्राच्या यादीत. पोलीस, जमीन आणि स्थानिक स्वराज्य राज्याच्या यादीत. कामगार कल्याण, नुकसानभरपाई आणि भूसंपादन समवर्ती यादीत. म्हणजे मैदान केंद्राचं, पंचनामा राज्याच्या पोलिसांचा, मजूर कंत्राटदाराचा, आणि भरपाईचा प्रश्न दोघांच्या मधोमध लोंबकळणारा. भांडारालगतच्या गावांनी पुनर्वसन मागितलं, तर तो अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायचा की संरक्षण मंत्रालयाकडे? बांधकामावर निर्बंध घालणारा कायदा तर १९०३चा, ब्रिटिशांनी केलेला. सत्तेची वाटणी म्हणजे परीक्षेत दहा गुणांचा प्रश्न नव्हे. ती नीट ठाऊक नसेल तर माणूस दहा वर्षं चुकीच्या दारावर थाप मारत बसतो. मोबाइलवर स्फोटाचा व्हिडिओ मिळतो, दार कोणतं ते मिळत नाही.

इतकं मंडन केल्यावर एक आक्षेप उरतो आणि तो खोडता येत नाही, कारण तो खरा आहे. विद्यापीठांत राज्यशास्त्र ज्या पद्धतीनं शिकवलं जातं, ते पाहून लोकांनी त्याला सोपं म्हटलं तर नवल नाही. प्लेटोचा तत्त्वज्ञ राजा, हॉब्जचा करार, राष्ट्रपतीचे अधिकार, संयुक्त राष्ट्रसंघाची अंगं: प्रश्न ठरलेले, उत्तरं गाईडात, परीक्षेच्या आधी पंधरवड्यात पाठांतर. वर्ध्याच्या वर्गात बसलेल्या मुलाला रूसो सांगतात. पण वर्ध्यातच सेकसरिया वाणिज्य महाविद्यालयाचे प्राचार्य श्रीमन्नारायण यांनी १९४६ साली स्वतंत्र भारतासाठी गांधीवादी राज्यघटनेचा अख्खा आराखडा लिहिला, गावपंचायत पायाशी ठेवून, हे सांगत नाहीत. मग ४ नोव्हेंबर १९४८ला संविधान सभेत डॉ. आंबेडकरांनी गावाच्या त्या गोडव्याची कशी झडती घेतली, आणि तरीही पंचायतींचं कलम ४० संविधानात कसं आलं, हेही वाद म्हणून समोर येत नाही. दोन्ही बाजू आपल्या घरच्या, आणि आपण शिकतो ते परक्या पुस्तकांतून उतरवलेल्या टिपणांवर. आंबेडकरांनी पीएच.डी.चा प्रबंध कोलंबिया विद्यापीठाच्या राज्यशास्त्र विद्याशाखेत सादर केला, तो ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतिक वित्तव्यवस्थेवर होता: पैसा केंद्राचा किती, प्रांताचा किती. हा विषय ज्यांच्या हाती असा चालला, त्यांचे फोटो लावणाऱ्या वर्गांत तो पाठांतराचा व्हावा, याची लाज विद्यार्थ्यांना नको, विद्यापीठाला वाटली पाहिजे.

पण दोष शिकवण्याचा आहे, विषयाचा नाही. विहिरीचं पाणी गढूळ आहे म्हणून विहीर बुजवत नाहीत.

गाळ उपसण्याची सोयही आता आहे. नव्या शैक्षणिक धोरणानं २०२४-२५पासून संलग्न महाविद्यालयांतही फील्ड प्रोजेक्ट आणि समुदाय सहभागाचे श्रेयांक आणले. बहुतेक ठिकाणी ते भिंतीवरच्या तक्त्यांत आणि सहीशिक्क्यांच्या फाइलीत संपतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाच्या राज्यशास्त्र अभ्यास मंडळाला आणि वर्धा जिल्ह्यातल्या प्राध्यापकांना विनंती आहे की हे श्रेयांक वाया घालवू नका. विद्यार्थ्यांना पुलगाव नगर परिषदेच्या सर्वसाधारण सभेत बसवा, अंदाजपत्रक वाचायला लावा, भांडारालगतच्या एखाद्या गावच्या ग्रामसभेत पाठवा. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. प्रत्येक विद्यार्थ्याकडून पदवीच्या आत एक तरी अर्ज लिहून घ्या, आणि आलेल्या उत्तरावर त्याला गुण द्या. उत्तर आलंच नाही, तर पहिल्या अपिलावर द्या.