पिल्लू सोपं आहे, स्वस्त नाही

आमच्या दुकानात सध्या सर्वांत जास्त खपणारा रंग पिवळा आहे. पूर्वी थंडीच्या तोंडावर मरून आणि बाटलीहिरवी लोकर जायची, लग्नसराईत रुखवताच्या रुमालांसाठी पांढरा दोरा. आता कॉलेजातली मुलगी असो, बँकेतून नुकत्याच निवृत्त झालेल्या बाई असोत की पाठीला लॅपटॉपची सॅक लावलेला मुलगा, काउंटरवर मोबाइल ठेवून म्हणतात, "हे करायचंय." स्क्रीनवर कोंबडीचं पिल्लू असतं. गुबगुबीत, काळ्या डोळ्यांचं, नारिंगी चोचीचं. वर मथळा: पंधरा मिनिटांत तयार.

पंधरा मिनिटांत लोकरीच्या गुंड्याचं आतलं टोक सापडलं तरी नवशिक्याने खूश व्हावं. पण म्हणून मी कुणाला परत पाठवत नाही. उलट, क्रोशा शिकायचा तर पहिली वस्तू हे पिल्लूच असावं, असं डोंबिवलीतल्या या छोट्या दुकानात वर्षानुवर्षं बसून माझं मत झालं आहे. मात्र जे शिकायला सोपं ते विकत घ्यायला स्वस्त असलंच पाहिजे, हा हिशेब मला मान्य नाही. आणि तो हिशेब घेऊन येणारी गिऱ्हाइकंही रोज येतात.

आधी शिकण्याचं सांगते. आमच्या पिढीला क्रोशा शिकवला तो साखळीपासून. हातभर साखळी घालायची, मग उलटं फिरून तिच्यावर खांब, ओळ संपली की पुन्हा उलटं. ओळीच्या टोकाचा एक टाका हमखास निसटायचा आणि चौकोनी रुमालाचा आठवडाभरात समलंब चौकोन व्हायचा. कितीतरी मुलींनी त्या पहिल्या रुमालावरच सुई ठेवली ती कायमची. शिकवणाऱ्या म्हणायच्या, हिच्यात चिकाटीच नाही. चिकाटी होती, वस्तू चुकीची निवडली होती.

पिल्लाला टोकच नाही. ते गोल गोल फेऱ्यांत वर चढत जातं, कुठे वळायचं नाही, ओळ कुठे संपते ते शोधायचं नाही. टाका एकच, मुका खांब. सुई खालच्या टाक्याच्या वेणीत घालायची, लोकर ओढून घ्यायची, सुईवर दोन फास झाले की पुन्हा लोकर घेऊन दोन्हींतून बाहेर. हे एवढं हाताला बसलं की सगळं पिल्लू येतं. रंग फिका, म्हणून टाके नीट दिसतात. काळ्या लोकरीचा कावळा करायला निघालेल्यांना मी सरळ नाही म्हणते. संध्याकाळी ट्यूबलाइटखाली काळा टाका मलाही दिसत नाही. तसंच केसाळ, मखमली लोकरीचं. व्हिडिओत पिल्लू त्या लोकरीत फार गोड दिसतं, पण तिच्यात टाका बोटांनी चाचपून शोधावा लागतो, आणि नवशिक्याच्या बोटांना अजून ते डोळे आलेले नसतात.

तर साधी, मध्यम जाडीची पिवळी लोकर आणि तीन मिलिमीटरची सुई. लेबलवर चारची सुई लिहिली असेल, तरी तीनचीच घ्यायची. रुमाल झिरझिरीत चालतो, खेळण्याची वीण घट्टच हवी, नाहीतर आतलं पांढरं फायबर टाक्यांमधून डोकावतं.

सुरुवातीचा सरकता फास सगळ्यांना घाबरवतो. तो नाही जमला तर दोन साखळ्या घालाव्यात आणि सुईपासून दुसऱ्या साखळीत सहा मुके खांब घालावेत, काही बिघडत नाही. ही पहिली फेरी. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, झाले बारा. तिसरीत एक साधा, पुढच्यात दोन, असे अठरा. मग चोवीस, मग तीस. इथे वाढ थांबवायची आणि तिसावर सरळ सात फेऱ्या चढायच्या. वाटी खोल होत जाते. फेरीच्या पहिल्या टाक्यात सेफ्टी पिन अडकवून ठेवायची, कारण गोल कामात फेरी कुठे सुरू झाली ते डोळ्यांना कळत नाही. दुकानात प्लास्टिकचे रंगीत मार्करही आहेत, पण सेफ्टी पिन घरात असताना ते घेऊ नका, हे मी दुकानदार असून सांगते. मग दोन टाक्यांचा एक करत चोवीस, अठरा. इथे फायबर भरायचं, कोपऱ्यापर्यंत चेपून, वाटतं त्याच्या दीडपट. मग बारा, सहा, आणि उरलेलं तोंड सुईदोऱ्याने ओढून बंद.

बेरीज केलीत तर अंगाचे बरोबर 360 टाके होतात. पंख म्हणजे सहा आणि बारा टाक्यांच्या दोन चकत्या, अर्ध्यात दुमडून शिवलेल्या, त्यांचे 36. चोच नारिंगी लोकरीने भरायची, डोक्यावर दोन-तीन फास काढून तुरा.

दर फेरीला सहाच का वाढवायचे, हा प्रश्न शहाणी मुलं विचारतात आणि मला तो फार आवडतो. मुका खांब जेवढा रुंद, जवळपास तेवढाच उंच. एक फेरी झाली की वर्तुळाची त्रिज्या एका टाक्याने वाढते, म्हणजे परीघ सुमारे 6.28 टाक्यांनी वाढायला हवा. आपण सहा वाढवतो, वरचं लोकरीचा ताण सांभाळून घेतो, आणि चकती ताटासारखी सपाट बसते. सहापेक्षा कमी वाढवले की कडा आत वळतात. फार जास्त वाढवले की झालर येते. मूळच्या लॅटव्हियाच्या गणितज्ञ दायना तायमिना यांनी 1997 मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात याच झालरीचा उपयोग केला. हायपरबोलिक भूमितीतला पृष्ठभाग कागदाच्या नमुन्यांत फाटायचा. त्यांनी ठरावीक प्रमाणात टाके वाढवत तो क्रोशाने विणला आणि विद्यार्थ्यांच्या हातात दिला. शाळेत कार्यानुभवाच्या तासाला मुलींना रुमाल आणि मुलांना भलतंच काही देण्याऐवजी सगळ्यांनाच हे पिल्लू द्यावं, आणि गणिताच्या बाईंनी शेजारी बसावं, असं मला कितीदा तरी वाटतं.

शिवाय यात काही वाया जात नाही. शिवण चुकली तर कापड कातरलेलं असतं. क्रोशाचा टाका चुकला की सुई काढून टोक ओढायचं, चूक जिथे आहे तिथपर्यंत उसवतं, लोकर जशीच्या तशी परत हातात.

एवढं सगळं सोपं आहे. आता गिऱ्हाइकांचं.

काउंटरवर काचेखाली मी आमच्याकडे येणाऱ्या बायकांनी केलेली पिल्लं विकायला ठेवते. किंमत दीडशे रुपये. "एवढ्याशा पिल्लाचे दीडशे?" हा प्रश्न इतक्या वेळा आला आहे की प्रश्न विचारण्याआधी भुवई कशी वर जाते तेही मला पाठ आहे. "स्टेशनबाहेर यापेक्षा मोठा टेडी शंभरला मिळतो हो, ताई." मिळतो. तो यंत्राने कापून यंत्राने शिवलेला असतो. हे पिल्लू यंत्र करू शकत नाही.

बऱ्याच जणांना हे खरं वाटत नाही, पण खरं आहे. दोन सुयांच्या विणकामाला यंत्र मिळालं ते 1589 मध्ये, इंग्लंडमध्ये विल्यम ली याने मोजे विणायचा साचा बनवला तेव्हा. क्रोशाला कारखान्यात चालेल असं यंत्र आजही नाही. दुकानांतून क्रोशासारखी दिसणारी लेस मिळते, ती वेगळ्या विणीची असते. कारण साधं आहे. दोन सुयांच्या कामात सगळे फास ओळीने सुईवर उभे असतात. क्रोशात प्रत्येक टाका तिथल्या तिथे पुरा होतो, आणि पुढच्या टाक्यासाठी आकड्याला झालेल्या कामात नेमकं भोक शोधून शिरावं लागतं. काम मऊ, हलणारं, दर टाक्याला थोडं वळणारं. ते भोक बोटांना सापडतं. म्हणजे जगात कुठल्याही दुकानात, कितीही कमी किमतीला, खऱ्या क्रोशाचं काही दिसलं तर ते कुणाच्या तरी हातांनी केलेलं आहे. किंमत फार कमी असेल तर त्या हातांना काय मिळालं असेल, याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

मी एका पिल्लाचा हिशेब करते. लोकर, फायबर, डोळे मिळून चाळीस रुपये. सरावलेल्या हाताला अंग विणायला दीड तास, पंख, चोच, शिवण आणि चेहरा यांना आणखी तास. चेहऱ्याला वेळ लागतोच, डोळे एका टाक्याने इकडेतिकडे झाले की पिल्लू रागावलेलं दिसतं. दीडशेतून चाळीस गेले, एकशे दहा उरले, अडीच तासांचे. म्हणजे तासाला चव्वेचाळीस रुपये, आणि मी त्यातून माझं काही कापत नाही तेव्हा. हे महाग आहे?

"पण ताई, बायका फावल्या वेळात करतात ना." हे वाक्य गिऱ्हाइकं म्हणतात तसं कधीकधी करणाऱ्या बायकाही म्हणतात, आणि तेव्हा मला जास्त राग येतो. आंध्रात गोदावरीच्या मुखाजवळ नरसापूर आहे. तिथल्या बायका कित्येक पिढ्या क्रोशाची लेस विणतात आणि ती परदेशी जाते. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी त्यांच्यावर लिहिलेलं पुस्तक 1982 मध्ये आलं. त्यांनी दाखवलं ते असं, की जगाच्या बाजारासाठी रोज तासन् तास राबणाऱ्या या बायकांना कामगार कुणी म्हणतच नव्हतं. त्या गृहिणी, घरी बसलेल्या, रिकाम्या वेळी विणणाऱ्या. एकदा कामाला रिकामा वेळ म्हटलं की मजुरी मागायला जागाच राहत नाही, आणि मधले व्यापारी पैसेवाले होतात. 2024 मध्ये नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलं झालं. त्यातलं किती विणणाऱ्या हातापर्यंत पोचतं, ते पाहायचं.

आणि हा फावला वेळ म्हणजे नेमका कोणता? आमच्या बायकांचा तो लोकलच्या महिला डब्यात असतो, डोंबिवली ते सीएसएमटी, तासाभराहून जास्त, तेही बसायला मिळालं तर. नाहीतर कुकरच्या दोन शिट्ट्यांच्या मध्ये. तो वेळ त्या झोपेत घालवू शकल्या असत्या. त्याला भाव नाही असं कुणी ठरवलं?

बचत गटाच्या प्रदर्शनात मी सगळ्यांना एकच सांगते, किमतीच्या चिठ्ठीवर तास लिहा. 'हाताने बनवलेले' या शब्दांनी आता कुणाचं काही हलत नाही. यंत्राच्या मालावरही ते छापलेले मी पाहिलेत. 'अडीच तास' वाचलं की माणूस क्षणभर स्वतःच्या तासाचा भाव आठवतो.

अर्थात भाव मागायचा तर माल चोख हवा, हेही मी तितक्याच कडकपणे सांगते. 1 जानेवारी 2021 पासून आपल्याकडे खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंदलेल्या कारागिरांना त्यातून सूट आहे, म्हणून विकायचं असेल तर कारागिराचं ओळखपत्र आधी काढून घ्यावं. पण सूट चिन्हातून आहे, काळजीतून नाही. तीन वर्षांखालच्या मुलाच्या खेळण्याला प्लास्टिकचे डोळे लावूच नयेत. ते मागून चकतीने घट्ट बसवलेले असले तरी बाळाचे दात आणि जिद्द यांच्यापुढे लोकरीचा टाका सैल पडतो, आणि डोळा भोकातून बाहेर येतो. खेळण्यांच्या चाचणीत 31.7 मिलिमीटर व्यासाची एक नळी असते. तिच्यात पूर्ण मावणारा तुकडा बाळाच्या घशात अडकू शकतो असं धरतात. आपले डोळे तर सहा-आठ मिलिमीटरचे. काळ्या दोऱ्याने डोळे भरा. दहा मिनिटं जास्त लागतात, तीही चिठ्ठीवर लिहा.

गेल्या आठवड्यात एक काकू आल्या. नातवासाठी पिल्लू हवं होतं. चिठ्ठी वाचली, तासांचा हिशेब विचारला, मी सांगितला. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मग दीड तासाचं दाखवा की." मी आतून पंख न लावलेलं एक काढलं, नव्वद रुपये सांगितले. त्या नव्वद रुपये मोजून, अर्धी पिवळी लच्छी आणि तीनची सुई घेऊन गेल्या. पंख घरीच करते म्हणाल्या.