घरकुल मिळाले, दार केव्हा मिळणार?

३१ जानेवारी १९२० रोजी ‘मूकनायक’चा पहिला अंक निघाला. त्यात बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मनोऱ्याची उपमा दिली होती. एकेक मजला म्हणजे एकेक जात, आणि मजल्यांना जोडणारा जिनाच नाही. ज्या मजल्यावर जन्म, त्याच मजल्यावर मरण! गेली शंभर वर्षे आपली चळवळ या मनोऱ्याला जिना बांधत आली. शाळा, वसतिगृह, राखीव जागा, मताचा अधिकार आणि शेवटी धम्म या त्याच जिन्याच्या पायऱ्या. परंतु बांधवांनो, ज्याला पायरीच चढता येत नाही, त्या आपल्या माणसाचा विचार आपण कधी केला काय?

आमच्या एका अशिलाची हकीकत सांगतो. नाव सांगणे योग्य नाही. पूर्णा तालुक्यातला हा गडी ऊसतोडीला जात असे. ट्रकमध्ये मोळ्या रचताना वरून पडला, पाठीचा कणा मोडला आणि कमरेखालचे शरीर गेले. वय तेव्हा तिशीचे. नुकसानभरपाईचा दावा आम्ही लावला. साक्षीच्या दिवशी कळले की न्यायदालन वरच्या मजल्यावर. भावाने त्याला पाठीवर घेतले आणि जिना चढला. वर पोहोचेपर्यंत दोघेही घामाने निथळत होते. न्यायाधीश महोदय भले, पुढच्या तारखेला ते स्वतः खाली आले आणि खाली साक्ष नोंदवली. त्यांचे आम्ही आभार मानले. पण न्याय मिळायला न्यायाधीश भला असावा लागतो, ही काही कायद्याच्या राज्याची खूण नव्हे.

पुढे त्याला रमाई आवास योजनेतून घरकुल मंजूर झाले. वस्तीत आनंद झाला. घर बांधून झाल्यावर आम्ही भेटायला गेलो. काळी माती, पावसाळ्यात पाणी साचते, म्हणून जोते दोन फूट उंच घेतलेले. पुढे तीन पायऱ्या. दार अडीच फुटांचे. संडास कोपऱ्यात, त्याला आणखी दोन पायऱ्या. आमचा अशील मात्र शेजारच्या जुन्या पत्र्याच्या खोपटात व्हीलचेअरवर बसलेला! यादीत नाव त्याचे, हप्ते त्याच्या खात्यावर, घरापुढे काढलेल्या फोटोतही तोच. घरात राहतात बाकीचे. तो म्हणाला, “वकील साहेब, घर माझं हाय, पर मी घरचा न्हाई.” त्या वाक्यावर आमच्याजवळ उत्तर नव्हते.

यात दोष कुणाचा? गवंड्याने नेहमी बांधतो तसे घर बांधले. अभियंत्याने जोते झाले का, छत पडले का, एवढे पाहून हप्ता सोडला. या घरात राहणारा माणूस आत कसा जाणार, असा रकानाच कुठल्या अर्जात नाही. कुणाच्याही मनात वाईट नव्हते आणि तरीही माणूस घराबाहेर राहिला. व्यवस्था म्हणतात ती हीच!

आता हिशोब पाहू. उताराचे प्रमाण एकास बारा असावे, असे मानक आहे. म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांब उतार. दोन फुटांच्या जोत्याला चोवीस फूट लागतात. वस्तीतल्या चिंचोळ्या जागेत हा उतार सरळ बसत नाही, पण भिंतीच्या कडेने नेऊन मध्ये सपाट जागा ठेवून वळवला तर बसतो. दार तीन फुटांचे हवे. व्हीलचेअर वळवायला पाच फुटांचे वर्तुळ मोकळे हवे, घरात आणि संडासातही. सरकारी घरकुलाचे क्षेत्र साधारण २६९ चौरस फूट. त्यात पाच फूट मोकळे ठेवणे अवघड आहे, अशक्य नाही. मात्र ते जोते भरण्याआधी ठरवावे लागते. भिंत उभी राहिल्यावर दार रुंद करणे म्हणजे गरिबाच्या डोक्यावर दुसरे कर्ज!

हे आम्ही भीक म्हणून मागत नाही. पहिला अपंग कायदा १९९५ चा. त्यानंतर भारताने २००७ मध्ये अपंगांच्या हक्कांच्या संयुक्त राष्ट्र करारावर शिक्कामोर्तब केले आणि २०१६ चा दिव्यांगजन हक्क कायदा आला. त्याचे कलम ३७ सांगते की, गृहनिर्माण आणि शेतजमीन वाटपाच्या योजनांत ४० टक्के किंवा अधिक अपंगत्व असलेल्यांना ५ टक्के आरक्षण द्यावे, त्यातही स्त्रियांना प्राधान्य द्यावे. कलम ४४ सांगते की, सुगमतेचे नियम पाळले नसतील तर बांधकामाचा नकाशा मंजूर करू नये, पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारती सुधारायला नियम लागू झाल्यापासून पाच वर्षे दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत जून २०२२ मध्ये संपली! कलम ८९ मध्ये दंड आहे. पहिल्या वेळी १० हजारांपर्यंत, पुढे ५० हजार ते ५ लाख. आमच्या वकिलीच्या काळात हा दंड भरताना आम्ही कुणाला पाहिले नाही.

त्यातही मेख अशी की, सुगमतेची मानके केवळ शिफारशी असल्यासारखी वापरली जात होती. राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ८ नोव्हेंबर २०२४ रोजी नियम १५(१) मूळ कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान मानके बंधनकारक करणारे नियम तीन महिन्यांत करावेत, असा केंद्राला आदेश दिला. म्हणजे कायदा झाल्यावर आठ वर्षांनी न्यायालयाला सांगावे लागले की, कायदा हा पाळण्यासाठी असतो!

वाचकहो, ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटत नाही काय? १९२३ मध्ये बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात मंजूर झाला, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. १९२४ मध्ये महाड नगरपालिकेनेही चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. कागदावर तळे खुले होते. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना हजारोंसह तळ्यावर चालत जावे लागले. ठराव आणि पाणी यांच्यातले अंतर पायांनी कापावे लागते, हे महाडने शिकवले. ज्याचे पाय चालत नाहीत त्याच्यासाठी ते अंतर आपण कापले पाहिजे. अस्पृश्यता आणि अपंगत्व एकच आहे, असे आम्ही म्हणत नाही. जातीच्या दारावर द्वेषाचा पहारा होता. येथे बहुतेक वेळा विसर असतो. पण बाहेर राहिलेल्या माणसाला दोन्हींचा अनुभव सारखाच येतो.

प्रवासाचे पाहा. एसटीत अपंगाला भाड्यात ७५ टक्के सवलत आहे. ६५ टक्क्यांवर अपंगत्व असेल तर सोबत्यालाही निम्मे भाडे. सवलत तिकिटात मिळाली, पायरीत मिळाली नाही! साध्या गाडीची पहिली पायरी धडधाकट म्हाताऱ्यालाही चढवत नाही. जिंतूर, पालम, सोनपेठकडून परभणीला दवाखान्यात यायचे तर कंडक्टर आणि सोबतीचे दोघे मिळून माणसाला पोत्यासारखे वर घेतात. रेल्वेत राखीव डबा असतो, पण तो बहुधा गाडीच्या टोकाला. स्त्रीच्या बाबतीत तर हे उचलणे म्हणजे विटंबना. विराली मोदी या व्हीलचेअर वापरणाऱ्या कार्यकर्तीने रेल्वेत चढवताना झालेल्या स्पर्शाबद्दल २०१७ मध्ये उघडपणे आवाज उठवला. त्याच विराली मोदींना ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईत स्वतःच्या लग्नाच्या नोंदणीसाठी दुसऱ्या मजल्यावर उचलून न्यावे लागले, कारण लिफ्ट नव्हती. मुंबईत ही गत, तर परभणीचे काय?

करमणुकीचा विषय काढला की लोक हसतात. “पोटाची मारामार आणि तुम्हाला बाग हवी!” आम्ही त्यांना संविधानाचे कलम १५(२) वाचायला सांगतो. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते यांच्या पंक्तीत तेथे सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही आहेत. ज्या समाजाला तमाशाच्या फडातही वेगळे बसवले गेले, त्याला हे शब्द का महत्त्वाचे आहेत ते कळते. मात्र त्या कलमात धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान एवढीच कारणे आहेत, अपंगत्व नाही. ती उणीव २०१६ च्या कायद्याने भरली; कलम २९ मध्ये संस्कृती आणि करमणूक, कलम ३० मध्ये खेळ आहे. माणूस फक्त जगण्यासाठी जगत नाही. गंगाखेडचा गोदाकाठ, परभणीचा उरूस, शहरातली बाग, गावचा कुस्तीचा फड, हे पाहावेसे त्यालाही वाटते. अजिंठ्याला डोली मिळते हे खरे. पण डोलीचे पैसे ज्याच्याकडे नाहीत, त्याने भगवंतांची लेणी फोटोतच पाहायची काय?

आता बोट स्वतःकडे वळवू. आमच्या जिल्ह्यातली किती विहारे अशी आहेत की जेथे व्हीलचेअर सरळ आत जाते? आम्ही ज्या विहारांत भाषणे केली, त्यांपैकी बहुतेकांना पायऱ्या आहेत. जोते जितके उंच तितका मान मोठा, अशी आपलीही समजूत. परिणाम असा की, आमचा तो अशील पौर्णिमेला विहाराच्या दारात थांबतो आणि बाहेरून वंदना म्हणतो. देवळाच्या पायरीशी थांबवलेल्या चोखोबाची गोष्ट आपण संतापाने सांगतो. आपल्याच विहाराच्या पायरीशी आपला माणूस थांबतो, त्याचा संताप कुणी करायचा?

काही मित्र म्हणतात, आधी जातीचा प्रश्न सुटू द्या. त्यांना आम्ही २०११ च्या जनगणनेतला आकडा दाखवतो. देशात अपंगांचे प्रमाण २.२१ टक्के, अनुसूचित जातींमध्ये २.४५ टक्के. मोळ्या वाहणारा, विहीर खोदणारा, गटारात उतरणारा, पराती घेऊन माळ्यावर चढणारा कोण आहे? हा प्रश्न जातीच्या प्रश्नाबाहेरचा नाहीच. दुसरे म्हणतात, “आम्ही उचलून नेतो की!” त्यांचे प्रेम खरे आहे. पण उचलणारा घरी नसला की माणूस घरात कोंडला जातो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेब हातात काठी आणि रत्तूंच्या खांद्याचा आधार घेऊन उभे होते, हे आपण विसरू नये. आधार लागणारा माणूस दुय्यम नसतो.

१० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. जिल्हा पेटून उठला. कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी १५ डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत गेला. ज्या संविधानासाठी परभणीने एवढे सोसले, त्या संविधानाचा अंमल वस्तीतल्या शेवटच्या दारापर्यंत नेणे हे आपलेच काम आहे.

म्हणून कार्यकर्त्यांना आमची विनंती आहे. ग्रामसभेत उभे राहून विचारा, घरकुलाच्या यादीत ५ टक्के अपंग आहेत काय? लाभार्थी अपंग असेल तर जोते भरण्याआधी गवंडी आणि अभियंत्याला उतार, दार आणि संडासाचे माप सांगा. ग्रामपंचायतीने, नगरपालिकेने, जिल्हा परिषदेने स्वतःच्या उत्पन्नाचा ५ टक्के निधी अपंगांवर खर्च करायचा असतो. माहितीच्या अधिकारात त्याचा हिशोब मागा. उत्तर टाळले तर पुण्याच्या दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करा. वकिलाचा खर्च परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार अनुसूचित जातीच्या आणि अपंग व्यक्तीला तेथे मोफत वकील मिळतो.

आणि पहिले काम स्वतःच्या विहारापासून करा. यंदाच्या जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक दिवस कमी करा. त्या पैशात वाळू, सिमेंट आणि दोन गवंड्यांची मजुरी निघेल. आम्ही आमच्या वस्तीच्या विहारात हा ठराव मांडला आहे. उताराची आखणी चुन्याने झाली आहे. चोवीस फूट भरले. वळण भिंतीच्या कडेने काढले आहे. पुढच्या पौर्णिमेला त्या अशिलाने वंदना आत बसून म्हणावी, एवढीच आमची इच्छा आहे. त्यानंतर त्याच्या घराचे दार!

जयभीम!